जास्तीची तर्री

सकाळी सातला गड्डीगोदामच्या चौकात
हेडाऊच्या हातगाडीपाशी सेमीफायनल पुन्हा सुरू झाली.
रात्रीची थंडी अजून बाकावरून उठली नव्हती
आणि पोह्यांच्या प्लेटांवरून वाफ निघेपर्यंत
आम्ही परत एक-शून्यने हरलो होतो.

"पुढची लाइनच मेली होती बे," सुखदेव गजभिये म्हणाला.
चमच्याने चणे सरकवून त्याने फॉर्मेशन मांडलं:
चार इकडे, चार तिकडे, दोन रश्शात बुडालेले.
"नव्वद मिनिटांत एक शॉट. एक!
थोही गोलच्या शेजाऱ्याले भेटून आला."

पॅट्रिकमामांचा डावा गुडघा
चौऱ्याऐंशीच्या लीगमध्येच राहून गेलाय.
ते म्हणाले, आता विंगर उरलेच नाहीत,
ज्याला त्याला मधे यायचं असतं, लग्नातल्या फोटोसारखं.
मैदानाला अजनीकडे उतार आहे, असं कोणी काढलं.
"हाफटाइमले साइड बदलली ना बे?
मंग उतार आपल्याकडून काहून नाही खेळला?"

मग जफर. शेवटी सगळे जफरवर आले.
नऊ नंबर, पाच फूट चार,
बुटीबोरीची नाइट शिफ्ट करून थेट मैदानात उतरलेला.
"पाय चालत नव्हते त्याचे."
"पाय चालत होते, डोकं झोपलं होतं."
"कामठीचे थे दोन स्टॉपर पाह्यले काय? विजेचे खांब!
त्यायच्या मधात हेडिंगले कोण उडते?"
"मंग हा कायले उडे?"

कायले उडे.
इथे कोणी थांबलं नाही.
लिंबू पिळलं, आणि कोचवर गेले.

मी गोलकीपर.
मी आमची टीम पाठीकडून ओळखतो.
जफरचा मॅचमधला चेहरा मला आठवत नाही,
नऊच्या आकड्याची उसवलेली शेपटी आठवते,
आणि दर वेळी मागे वळून
दोन्ही तळव्यांनी हवा जमिनीकडे दाबणं:
खाली दे. पायात दे.

बाराव्या मिनिटाला दिला होता मी खाली.
नंदेश्वरला, दहा पावलांवर, अगदी साधा पास.
त्यांच्या अकरा नंबरने तो वाटेतच उचलला
आणि बॉल माझ्या पोस्टवर आपटून बाहेर गेला.
तो आवाज लोकांनी ऐकला, हुश्श केलं, विसरले.
माझ्या दाढांत तो शेवटच्या शिट्टीपर्यंत वाजत होता.

त्यानंतर सतरा वेळा बॉल माझ्याकडे आला
आणि सतरा वेळा मी तो आभाळात मारला.
(रात्री गोधडीत मोजले. दोनदा मोजले.)
उंच, लांब, पोरांनी शिट्ट्या माराव्यात असा.
आणि तिकडे पलीकडे
दोन खांबांच्या मधे मान वर करून
पाच फूट चार.

"कीपर होता म्हणून एकच," पॅट्रिकमामा म्हणाले,
"नाहीतर चार पडले असते."
माना हलल्या.
हेडाऊने न विचारता माझ्या प्लेटमध्ये
तर्रीचा जास्तीचा डाव ओतला,
पैशाला हात वर केला.
मी बोलणार होतो.
तोंड पोळलं होतं, हे एक कारण.

तेवढ्यात जफर आला,
पुन्हा शिफ्ट करूनच, डोळे लाल, कानटोपी खिशात.
सगळे एकाएकी यंदाच्या थंडीवर बोलू लागले.
तो माझ्याजवळ बसला, माझाच चमचा उचलला,
प्लेटच्या काठावरचा एक चणा
हळूच शेजारच्या चण्यापर्यंत नेला,
तिथून पुढच्यापर्यंत, मग त्याच्याही पुढच्यापर्यंत.
माझ्याकडे पाहिलं नाही.

मग पाचही चणे खाल्ले
आणि म्हणाला, तिखट आहे.