टेपच्या शेपटीत

सुलक्षा आली ती दुपारी,
फोंड्याच्या वरच्या बाजारात शटरं अर्धी ओढलेली असतात तेव्हा.
पिशवीत व्हीएचएस, लेबलावर माझंच अक्षर:
म्हार्दोळ, सत्त्याण्णव, आणि दोन बदाम.
बदामांचे वेगळे पैसे घेत नसे मी.

म्हणाली, चित्र पाठ आहे.
आईचा आवाज काढून द्या.

कॅसेट लावली. बुरशीचे पांढरे ठिपके
अक्षतांसारखे पडत राहिले बराच वेळ,
खऱ्या अक्षता कधी सुरू झाल्या कळलंच नाही.
भटजींचं तोंड हलतंय, सनईवाल्याचे गाल फुगलेत,
आणि ऐकू येतात ती सिनेमातली गाणी,
पहिल्या फ्रेमपासून पाठवणीपर्यंत,
मीच चढवलेली, रात्रभर जागून.
आई येते, काहीतरी बोलते,
तिच्या तोंडून परकीच कुणी बाई
आलाप घेते.

तेव्हा लोकांना हेच लागायचं, मी म्हणालो.
मलाही आवडलं होतं, ती म्हणाली.

मग मूळ टेप?
आता काय सांगणार. हाय-एटची एक कॅसेट म्हणजे
तेव्हा माझी दोन दिवसांची कमाई.
एकेका कॅसेटवर चार-चार लग्नं लावली आहेत मी,
एकाच्या उरावर दुसरं,
आणि कुणाचा संसार त्यामुळे अडला नाही.

तरी माळ्यावर चढलो. बिस्किटांच्या डब्यात
सिलिका जेलच्या पुड्यांखाली होती.
वर लोटलीचं रिसेप्शन: एव्हेलिनो आणि पर्पेत.
पाद्रिन्याचा टोस्ट, तो काही केल्या संपेना.
ग्लास वर धरून अवघडलेले हात,
बँडवाला ट्रंपेट ओठांना लावतो, पुन्हा खाली घेतो.
आम्ही दोघं ओळख ना देख त्या लग्नात
सव्वा तास बसलो. ती एकदा हसलीही.
मग केक. मग मागे डबे बांधलेली गाडी
खडखडत फाटकाबाहेर.
मग निळा पडदा.

बंद करायला मी हात नेला
तर निळ्याच्या पलीकडे टेप चालूच:
लोटलीकरांना जितकी लागली तितकी लागली,
खाली म्हार्दोळचं थोडं उरलं होतं.
अकरा सेकंद.

सुलक्षा, केसांत जायांची माळ,
मान मी सांगितली तितकीच डावीकडे.
फ्रेमच्या कडेला एक हात, वाटी धरलेला,
हिरव्या बांगड्या, आणि
"बाय, जेवलें गो तूं?"
आणि लगेच कॅमेऱ्यामागून, जवळून, ठणठणीत,
माझा पंचविशीतला आवाज:
"मावशे, मातशें कुशीक सर, फ्रेमांत येता."

हात गेला.

परत, ती म्हणाली.
परत.
दर वेळी मावशी आली, दर वेळी मी तिला हाकललं.
चौथ्यांदा मी पडद्याकडे न बघता
उगाच लेन्सचं झाकण पुसत राहिलो.

कशात देऊ, विचारलं शेवटी.
हे मी दिवसातून दहादा विचारतो:
डीव्हीडी आता लावणार कशात,
पेनड्राइव्ह कपड्यांबरोबर धुतला जातो,
एमपी-फोर फोनवर चालेल, पण पोरं फोन बदलतात.
तिन्हींत देतो, म्हणालो.
आणि माझा आवाज कापता येईल. आता सॉफ्टवेअर आहे.

राहू दे, ती म्हणाली.
ती कुठं उभी होती ते त्यानेच कळतं.

ती गेल्यावर कॅसेट उलटी केली.
पाठीवर एक बारीक पट्टी असते,
सरकवली की लाल दिसतं आणि वर काही चढत नाही.
नखाने ढकलून पाहिली.
हलेना. इतक्या वर्षांत
कधी हात लावला नव्हता तिला.