मालकाचं कपाट

बातुमीत आमचा फ्लॅट आहे, सातवा मजला,
काळ्या समुद्राकडे तोंड.
अशोक चौकात मेथी निवडताना हे बोलले
की बायका आधी हसतात
आणि मग माझ्या चपलांकडे बघतात.

पुण्याच्या कुठल्याशा हॉटेलात प्रदर्शन होतं.
चहा फुकट म्हणून हे आत शिरले
आणि बाहेर आले तेव्हा चार माग विकायचं ठरलेलं.
राहणार कोण तिथं, मी विचारलं.
राहायचं नाही, द्यायचं. रात्रीच्या हिशेबानं.
सासूबाईंनी दोन दिवस विचार केला,
म्हणाल्या, धर्मशाळा म्हण की.

जुलैत एका रात्रीचं जे येतं
ते फेब्रुवारीत आठवड्याचं येत नाही,
म्हणून आम्ही फेब्रुवारीत गेलो. एकदाच.
दुकानांची शटरं खाली, गोट्यांचा किनारा,
वरून बर्फ की पाऊस ते ठरत नव्हतं.
हे गॅलरीत कानटोपी घालून उभे,
चेहरा असा की समुद्र बरोबर मोजून दिलाय का ते बघतायत.

परत निघताना मननानं सांगितलं,
सगळ्यांचं असतं, तुम्हीही एक कपाट ठेवा कुलपातलं.
मनना म्हणजे तिकडं झाडलोट बघणारी, माझ्याच वयाची.
मी त्यात ठेवलं: तीन लिटरचा कुकर,
पोळपाट, शेंगाचटणीची बरणी,
एक इरकल साडी, हळदीकुंकवाची डबी.
अख्ख्या फ्लॅटचं कर्ज आमचं,
आणि आमचं म्हणावं असं ते दोन बाय चार फूट.

बाकी चाळीस टॉवेल आमच्याच शेडमधले,
निळ्या दोन रेघांच्या काठाचे.
टर्किश टॉवेल म्हणतो आपण त्याला.
तुर्कस्तान तिथून मोटारीनं अर्धा तास.
एकदा तिकडचंच एक कुटुंब उतरलं होतं,
बाईनं विचारलं, असे टॉवेल कुठं मिळतात?
मी लिहिलं, सोलापूर. पुसलं.
लिहिलं, घरचेच आहेत.

तक्रारी रात्रीच येतात. त्यांची दीड म्हणजे आपली तीन.
गरम पाणी यायला दोन मिनिटं लागतात, असं एकजण लिहितो.
मी जागीच असते,
आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी येतं, तेही याच सुमाराला.
नळाखाली रिकामी कळशी, हातात फोन,
मी टाइप करते: गैरसोयीबद्दल क्षमस्व.

मग या मे महिन्यात मननाचा व्हिडिओ आला.
कपाटाचं कुलूप तुटलेलं.
चोरीला काही नाही, ती पुन्हा पुन्हा दाखवत होती,
कुकर, पोळपाट, डबी.
चटणी मात्र निम्म्यावर आलेली
आणि साडीची घडी माझी नव्हती.
कुणीतरी ती नेसून बघितली असणार,
त्या मोठ्या आरशासमोर, निऱ्या कुठं खोचायच्या ते न कळून.

हे भडकले. डिपॉझिट कापतो म्हणाले, दंड लावतो,
कॅल्क्युलेटर घेऊन बसले.
मलाही राग यायला हवा होता.
मी तो व्हिडिओ तीनदा बघितला,
चटणीच्या बरणीपाशी थांबवून.
तीन वर्षांत शंभरेक माणसं येऊन गेली असतील,
चादर ताणून, ग्लास पालथे घालून, गेल्याची खूण न ठेवता.
हे पहिलं कुणीतरी भूक लागून
माझ्या कपाटापर्यंत आलेलं.

नवीन कुलूप घ्यायचं ठरलं आहे. घ्या म्हटलं.
चटणी मी पुन्हा कुटली, यावेळी लसूण थोडा कमी,
दोन बरण्या भरल्या. एक कपाटात ठेवायची,
दुसरी ओट्यावर, मीठ-साखरेच्या रांगेत.
मननाला तसं लिहायला घेतलं
तर खालून कोंड्यालांच्या सुनेची हाक आली, नीळ्ळु! नीळ्ळु!
आणि निरोप अर्धाच राहिला,
कळशीत पहिलं पाणी
गढूळ येतं, ते सोडून द्यावं लागतं.