डावा हात, मंगळवारपासून

बसून विचारायचं, हा पहिला धडा.
उभ्यानं विचारलं की माणसं
उभ्या उभ्याच उत्तर देतात.
मी खुर्ची ओढली, पडदा लावला
(आवाज आरपार जातोच, तरी लावायचा)
आणि विचारलं, तुम्हाला काय म्हणून हाक मारू?

"डोरीन. मिसेस कोलक्लफ माझी सासू होती."
माझ्या बिल्ल्यावरचं 'पेंढारकर' वाचायला गेली,
अर्ध्या वाटेत सोडून म्हणाली, "राहू दे, डक."
स्टोकमध्ये सगळ्यांनाच डक म्हणतात,
बसवाल्याला, पाद्र्याला, मलाही.
बदक म्हणवून घेण्यात एवढी ऊब असते
हे मिरजेत कुणी सांगितलं नव्हतं.

गुडघा किती दुखतो, शून्य ते दहा?
"तीन. म्हणजे चार. तू लिही तुला हवं ते."
मला हवं ते लिहायचं नसतं.
कसं दुखतं? कागदावर चार चौकटी:
टोचल्यासारखं, बोथट, जळजळतं, इतर.
माझ्या आईकडे ठणका होता, कळ होती,
चमक, सल, रात्री पायांत येणारे वांब.
एकही चौकटीत मावला नसता.
डोरीन म्हणाली, "नेश वाटतं."
म्हणजे थंडी सोसत नाही; मी अर्थ विचारला,
पण लिहिताना तिचाच शब्द ठेवला.
ग्लेनिस सिस्टरची ताकीद आहे:
पेशंटच्या बोलण्यावर इस्त्री फिरवायची नाही.

पडलात? नाही. चक्कर? नाही.
अशक्तपणा? मान हलली.
घरी कोण असतं?
इथे ती थांबली.
थांबणाऱ्याला थांबू द्यावं. मी सात आकडे मोजले.
"रेडिओ," ती म्हणाली.

चहाची गाडी आली.
तिनं बिस्किट उचलून ठेवलं, ताटली उलटी केली,
तळाचा शिक्का वाचला, नाक मुरडलं. "आपली नाही."
लाँगटनच्या कारखान्यात एकतीस वर्षं
कपांना सोनेरी काठ ओढले होते तिनं.
चाक फिरतं, कुंचला टेकतो,
एका श्वासात एक काठ.
कुठल्या हातानं?
"उजव्या. आणखी कुठल्या?"

पण ताटली डाव्यानं उलटली होती.
कपही डाव्यातच होता.
उजवा मांडीवर पडून होता,
कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.

हे असं कधीपासून?
तिनं हाताकडे पाहिलं, जणू तो आत्ताच आला.
"मंगळवारपासून. वाटलं, झोपेत अंगाखाली आला असेल.
सगळे गुडघ्याचंच विचारतात, डक."

वॉर्डात धावायचं नसतं. मी धावले नाही,
पण त्याला चालणंही म्हणता येणार नाही.
ग्लेनिस म्हणाली, दोन्ही हात वर धरा, डोळे मिटा.
उजवा तिरपा होत होत खाली आला.
डॉक्टर आले. पलंगाच्या चाकांचे ब्रेक सुटले.
जाता जाता तिनं मला वाकवून कानात सांगितलं:
मांजर आहे. कौन्सिलच्या घरात चालत नाही.
शेजारच्या टनिक्लिफबाईंना सांग.

मग कागद. काळी शाई. चोवीस तासांचं घड्याळ.
वर माझंच अक्षर: 'अशक्तपणा नाकारते.'
नाकारते! जणू स्थळ सांगून आलं होतं.
मी यादी वाचत गेले, ती मान हलवत गेली,
एवढंच झालं होतं.
खोडायचं नाही, गिरवायचं नाही.
एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी,
शेजारी सही, तारीख, वेळ.
रेघ मी एका श्वासात ओढली. तरी थोडी हलली.

'१४:४०. रुग्ण उजव्या हाताची; कप डाव्या हातात.
विचारल्यावर म्हणाली, "मंगळवारपासून."
सिस्टरना तत्काळ कळवलं.'
'घाबरलेली' लिहिलं नाही.
लिहिलं, माझं मनगट धरून होती, डाव्या हातानं.
आणि शेवटी:
'शेजारणीला फोन केला. किल्ली त्यांच्याकडे आहे.'

विद्यार्थिनीची सही एकटी उभी राहत नाही.
ग्लेनिसनं ओळ न ओळ वाचली, पेन उघडलं,
शेवटच्या ओळीवर थांबली. "किल्ली कशाला?"

रेडिओ बंद करायला, मी म्हणाले.
तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं
आणि सही केली.