सतरा मिनिटं

लघाटे सर म्हणाले, मॅडम, सोमवारपर्यंत ठरवा,
धडे कोणत्या सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करायचे ते.
मग मी बसले स्थळं बघायला.
एक फुकट, पण कोपऱ्यात स्वतःचं नाव गोंदवणारं.
दुसरं दहा मिनिटं झाली की आपसूक झोपणारं.
तिसरं शाळेच्या कॉम्प्युटरला सोसेना,
असा घरघरला, की बाबूलाल घंटा सोडून बघायला आला.
चौथं वर्षाची वर्गणी मागत होतं, तीही डॉलरमध्ये.
आमच्याकडे खडूच्या डब्यालाही पावती लागते.

सुदामानगरात, जेवणाच्या टेबलावर
लॅपटॉपखाली दोन पाट रचले,
सकाळी सातला लाल ठिपका दाबला,
म्हटलं, बच्चों, आज त्रिभुज का क्षेत्रफल,
आणि कचरागाडी आली
गाणं वाजवत, अगदी दारात.
इंदूर स्वच्छ झालं. धडा नाही झाला.

पाचवं ओजसनं सुचवलं, पुण्याहून.
आत्या, हे हुशार आहे,
गोंगाट आपण होऊन पुसतं,
बोलण्यातल्या रिकाम्या जागा कापतं,
तू फक्त शिकव.

वर्गातच लावलं मग, नववी ब, चाळीस मिनिटं.
घरी येऊन उघडलं तर तेवीस.

त्या तेवीस मिनिटांत मी भलतीच तल्लख होते.
प्रश्न पडायचा अवकाश, उत्तर हजर.
कुणी अडत नव्हतं,
कुणी पेनचं टोपण चावत नव्हतं,
सगळा वर्ग कसा उतारावरच्या सायकलीसारखा.
फक्त एका ठिकाणी पडद्यावरचा बाण उडाला.
आत्ता पायाशी होता, एकदम शिरोबिंदूवर.
मी तेवढंच मागे घेऊन घेऊन पाहिलं.
इथे काय होतं?

इथे मी विचारलं होतं, लंब कुठून टाकाल?
आणि कुणीच बोललं नव्हतं.
मी टेबलाला टेकून उभी होते.
अठ्ठावीस वर्षांत एवढं एकच नीट जमलंय मला,
उत्तर ओठावर आलं तरी गिळायचं.
तिसऱ्या बाकावर अलेफिया एक रेघ ओढते,
खोडते, वही फिरवते, पुन्हा ओढते.
रबर ऐकू यावं इतका वर्ग गप्प,
आणि ती मान वर करते तेव्हा
मी काहीच विचारत नाही, पुढे जाते.

ती सगळी रिकामी जागा.

आणखी एक गेलं होतं, ते रात्री ध्यानात आलं.
शिकवते हिंदीत, पण गुणाकार आला
की तोंडातल्या तोंडात आईचा पाढा येतो,
चौदा साते अठ्ठ्याण्णव.
मुलांना वाटतं, मॅडम काही जप करतात.
सॉफ्टवेअरला वाटलं, पंखा असेल.

सोमवारी सांगितलं, पहिलं घ्या, ते नाव गोंदवणारं.
लघाटे सर म्हणाले, फाईल जड होईल मॅडम,
आणि मध्ये मध्ये इतकं गप्प,
बच्चे बोर होऊन जातील.
म्हटलं, होऊ देत. सतराच मिनिटं आहेत.

पंधरा दिवसांनी जिन्यात दुर्वेश चौकसे भेटला,
वर्गात कधी हात वर न केलेला.
व्हिडिओ पाहतोस का, मी विचारलं.
हाँ मॅडम, डबल स्पीड पे.
मी जरा हिरमुसले असेन, कारण तोच पुढे म्हणाला,
जहाँ आप चुप होते हो ना, वहाँ नॉर्मल कर लेता हूँ.
का रे?
तो दोन पायऱ्या उतरून थांबला.
वहाँ डर लगता है मॅडम,
कहीं मेरा नाम न ले लो.