एक ठोका, दोन ठोके

बाहेर उणे एकतीस.
गॅरेजात केरोसीनचा हीटर,
आणि विमानाच्या शेपटीत पोटावर पडलेली मी, वय सदुसष्ट,
हातात दीड किलोचा पोलादी ठोकळा.
बाल्डुर बाहेरून बंदूक टेकवतो.
आमच्या दोघांच्या मध्ये पत्रा,
नखाच्या जाडीचा.

"आहेस, गुड्रुन?"
"आहे."
टर्रर्र.
मग मी टॉर्च मारून बघते.
रिव्हेट चेपून बटणासारखं बसलं, तर एक ठोका.
कलंडलं, तर दोन.
चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात
इतकं सरळ आम्ही कधी बोललो नव्हतो.

नोव्हेंबर बरा गेला.
मग त्याचा अंगठा थरथरायला लागला.
एकदा बंदूक निसटली
आणि पत्र्यावर उमटली चंद्रकोर,
बारीक, हसरी.
ती त्याला जेवताना दिसली. अंथरुणातही.
रात्री दोनला बूट चढवून गेला
आणि ड्रिलने ते रिव्हेट काढून आला.
भोक फाकलं.
सकाळी मला आत पाठवलं, जाड रिव्हेट घातलं,
तेही तिरकं.
ओरखडा होता, त्याची जखम झाली.

हाच माणूस तीस हिवाळे
विनिपेग सरोवराच्या बर्फाखाली जाळी सोडायचा.
गाठ चुकली तर म्हणायचा,
माशाला कुठे मोजता येतं?
हवेला येतं, म्हणतो आता.

जानेवारीतली दुपार.
उजवी बाजू, तिसरी ओळ, पुढून अकरावं.
मी टॉर्च मारला.
जरासं कललेलं,
कुणी मान वाकडी करून ऐकत असावं तसं.
बाहेर त्याचा श्वास.
लांब सरोवरावर बर्फ तडकत गेला, तडकतच गेला.
मी ठोकळा उचलला
आणि एकदाच ठोकला.

मार्चमध्ये तपासायला ओलेह पानासियुक आला,
आरसा, मापं, खिशात बिस्किटं.
हसऱ्या चंद्रकोरीवरून त्यानं अंगठा फिरवला:
"ही रंगाखाली जाईल."
मग डोकं शेपटीत खुपसलं, आणि बराच वेळ बाहेर येईना.
माप लावल्याचा आवाज. पुन्हा लावल्याचा.
"एक कललंय. पण मापात आहे.
काढू नका. काढायला जाल आणि बिघडवाल."
मी हीटरकडे बघत होते.
"अकरावं ना?" बाल्डुर म्हणाला.
तो गेल्यावर मी विचारलं, तुला कसं कळलं?
"तुझा ठोका उशिरा आला."
एवढंच. मग त्यानं हातमोजे शोधले,
जे त्याच्या हातातच होते.

जूनमध्ये ते उडालं.
चालवत होती भाची, थोरा;
त्याच्या अंगठ्याला डॉक्टरांनी नाही म्हटलं होतं.
आम्ही गवतात उभे, डासांत,
माना वर करून.
उन्हात पोट चकाकलं,
हजारो रिव्हेटं, एकही दिसलं नाही.
मी त्याच्याकडे बघितलं नाही.
सरोवरावरून वळून ते परत येऊ लागलं तेव्हा
माझ्या पाठीवर, खांद्याच्या जरा खाली,
त्याच्या बोटाचा ठोका.
एकच.
थोडा उशिरा.