कडेची ओळ

आर्सीच्या पठारावर नऊ वाजेपर्यंत धुकं असतं.
दहिवर सुकल्याशिवाय ओंबीला हात लावायचा नाही,
तोलेरासाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं.
मग स्टूल, चिमटा, बारीक कात्री
आणि खिशात पेन्सिल. शाई पावसात पळते.

एका फुलात तीन पुंकेसर.
हिरवे असतानाच काढायचे,
एक जरी फुटला तरी ओंबी वाया.
श्वास रोखून काढते मी,
बाळाच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तसे.
वर कागदी टोपी, टोपीवर तारीख.
तीन दिवसांनी दुसऱ्या गव्हाची धूळ आत झटकायची.
एवढंच लग्न. वऱ्हाडात मी एकटी.

तांबेरा आला त्या वर्षी
बाबा शेतातून गुडघ्यापर्यंत नारिंगी होऊन आले.
आईने पँट तीनदा धुतली.
चौथ्यांदा चुलीत घातली.

४१७ नंबरला तांबेरा शिवत नाही.
साहेब त्याच्याकडे थोरल्या मुलासारखे बघतात.
अदिसहून माणसं आली तक्ता घेऊन:
तीस वर्षांनी इतकी तोंडं, इतकं पीठ,
बंदरात इतकी जहाजं कमी.
शून्यं मोजताना त्यांच्यातलाच एक चुकला.

कापणीआधी गावातल्या बायकांना बोलावलं, पसंतीला.
प्रत्येकीला बाकल्याचे पाच दाणे,
आवडेल त्या वाफ्याच्या डब्यात टाकायला.
आदे कुलानीने ४१७ ची ओंबी तळहातावर चोळली,
फुंकर मारली, चावत राहिली गोंद होईपर्यंत.
"तुटतोय," म्हणाली. "याचा दाबो संध्याकाळी दगड.
आणि काड एवढंसं. बैल काय खाईल,
तुमचा तक्ता?"
पाचही दाणे मुठीत घेऊन ती गेली
कडेच्या ओळीकडे, जी आम्ही नुसती आडोसा म्हणून पेरलेली:
तिच्याच गावचा जुना गहू, उंच, वाऱ्याने लोळणारा,
तांबेऱ्याचं आवडतं घर.
तिथे डबा नव्हता.
तिने दाणे मातीत ठेवले.

साहेब दिवसभर गप्प.
निघताना म्हणाले, पुढच्या हंगामात ही ओळ मधे घ्या.

आज टोपीवर लिहिलंय: कडेची ओळ × ४१७.
यातलं काही उरलंच
तर आठ-दहा वर्षांनी कुणीतरी मळेल,
तोवर तांबेऱ्याने नवं रूप घेतलं नाही तर.
खाणारी अजून रांगतही नाहीत.

आणि हो,
पाऊस लागल्यावर कडेला बाकल्याची पाच रोपं उगवली होती.
नोंदवहीत बसत नव्हती,
उपटून टाक म्हणाले.
मी चार उपटली.