प्रकल्प : गावातल्या विहिरी

वर्षभर नावाखेरीज काही न लिहिलेला
निंबा कोळी, सातवी ब,
आज सतरा पानं घेऊन आला.
सुतळीला हातहातावर गाठी,
टोकाला कुळवाची मोडकी फास.

क्रमांक नऊ : छत्तीस गाठी. आत कबुतरं.
क्रमांक चौदा : सुतळी संपली.
आईच्या लुगड्याचा काठ जोडला.
तरी नाही.

'संदर्भ' या मथळ्याखाली :
सुकलाल आबा, खाटेवर.
डाव्या कानात बोलावं लागतं.

निष्कर्ष एकच ओळ,
दोनदा खोडून पुन्हा तीच :
आठे पानी व्हतं.

'होतं' करावं म्हणून पेन उचललं.
ठेवलं.

पारोळ्याची एस.टी. सुटायला आलेली,
आणि हा दारातच उभा :
बाई, पल्याडना गावन्या बी मोजू का?
सुतळी शाळा देई ना?